तिकडच्या गरिबांसाठी

मिशनरी म्हणून आफ्रिकेतल्या मलावीला निघालेल्या योना आणि सुवार्ताचं मधलं विमान चुकलं, बॅगा भलत्याच देशात गेल्या, आणि गाव जवळ आल्यावर जीप रुतली. ती ढकलताना दोघंही चिखलाने माखले. सोबत पोचलं होतं फक्त एक खोकं. नगरच्या चर्चमधल्या लोकांनी ‘तिकडच्या गरिबांसाठी’ दिलेले जुने कपडे त्यात होते.

“अहो, यातलंच काहीतरी घालू,” सुवार्ता म्हणाली.

सदऱ्यांना बटणं नव्हती, कॉलरी काळ्या पडलेल्या. एक ड्रेस ओळखीचा निघाला, काखेत उसवलेला. फरशी पुसायला घ्यायचा म्हणून काढलेला, तो तिनेच खोक्यात टाकला होता.

चर्चसमोर सगळं गाव इस्त्रीच्या कपड्यांत स्वागताला उभं होतं. योनाने बायबल छातीशी धरून उघडा सदरा झाकला. सुवार्ता हात अंगाशी आवळून चालली.

तिथल्या पाळकांच्या बायकोने तिला आत नेलं, सुईदोरा आणला आणि ड्रेसची उसवलेली काख शिवायला घेतली. शिवता शिवता तिने इंग्रजीत हळूच विचारलं, “तुमच्याकडे फार गरिबी आहे का?”

सुवार्ताला वर बघवेना.

“आहे,” ती म्हणाली.