ओल्या कचऱ्याचा डबा

भिवाने मूठ उघडली. तळहातावर बोटाएवढी पिवळी प्लास्टिकची काडी होती, एका टोकाला जिराफाचं डोकं, दुसरं टोक अणकुचीदार. धुऊन पुसून ठेवलेली.

"हे निघालं बघा डुकरिणीच्या पोटातनं," तो म्हणाला. "डॉक्टरनं दाखवलं. आतडं फाडलं होतं यानं."

मृणालिनीबाईंच्या मांडीवर फॉर्म होता. परळच्या त्यांच्या सोसायटीला यंदा वॉर्डाच्या स्वच्छता स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळणार, हे जवळजवळ ठरल्यातच जमा होतं. ओला कचरा कुठे जातो याचा पुरावा म्हणून फक्त भिवाची सही हवी होती. त्यासाठी सेक्रेटरीबाई स्वतः टॅक्सी करून वडाळ्याला, मिठागराच्या कडेला असलेल्या त्याच्या डुकरांच्या शेडवर आल्या होत्या. 'ओल्या कचऱ्यातील प्लास्टिकचे प्रमाण' या ओळीपुढे त्यांनी येतानाच 'शून्य' लिहून टाकलं होतं, तेही जरा मोठ्या अक्षरात.

बाईंचा चौदा मजल्यांवर दरारा होता. त्या लिफ्टमध्ये शिरल्या की लोक हातातली पिशवी पाठीमागे न्यायचे. ओल्या डब्यात टी-बॅगची नुसती पिन सापडली तरी ती कोणाच्या घरची हे बाई शोधून काढत आणि त्या घरी परत नेऊन देत. नवव्या मजल्यावरची श्रेया तर एकदा त्या पिनेपायी रडली होती.

जिराफ कोणाचा, हे मात्र शोधावं लागलं नाही. गेल्या रविवारी त्यांच्या नातवाचा, राजसचा, पहिला वाढदिवस झाला होता. सिंह, झेब्रा, जिराफ अशा काड्या त्यांनीच हौसेने निवडून आणल्या होत्या, चीज आणि अननसाच्या तुकड्यांना टोचायला. उष्ट्या डिशेस डब्यात खरवडल्या त्याही त्यांनीच. सून करते म्हणाली होती, पण कचऱ्याच्या बाबतीत बाईंचा दुसऱ्या कोणावर भरवसा नव्हता. पाहुणे निघत होते, आणि खरवडता खरवडता बाई दारात उभ्या असलेल्यांशी बोलत होत्या.

त्यांची कानशिलं तापली. आमचं आहे हे, एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून निघालं ते, "अरेरे."

शेडच्या दारात भिवाची बायको जाईबाई मेलेल्या डुकरिणीच्या पिल्लांना बाटलीने दूध पाजत बसली होती. पिल्लं सात आणि बाटली एक. एकाला पाजावं तर बाकीची सहा तिच्या लुगड्यात तोंड खुपसत होती. तिने अजून मान वर केली नव्हती.

भिवा आपल्या कामाचं सांगत राहिला. चार बिल्डिंगा आणि दोन खानावळींचं उष्टं तो आणायचा. सालं-देठं शेजारच्या तबेल्यातल्या म्हशींना जायची. बाकीचं मोठ्या टोपात चांगलं रटरटा उकळल्याशिवाय तो डुकरांपुढे ठेवत नसे, रोगराई नको म्हणून. डम्पिंगला त्यातला घासही जात नव्हता. पण उकळून प्लास्टिक थोडंच विरघळतं? म्हणून उकळायच्या आधी जाईबाई सगळं हाताने चिवडून बघायची. बावीस वर्षं बघत आली होती.

"हिच्या नजरेतून सुटलं," भिवा म्हणाला. "आता डब्यांना हात लावू देत नाय मी तिला."

हे तो बायकोच्या देखतच म्हणाला. दोन दिवस ती धड जेवली नाही, हेही सांगितलं.

मृणालिनीबाईंना बसल्या जागी लाज वाटली. जनावर त्यांनी मारलं होतं आणि उपाशी ती राहत होती. घसा खाकरून त्यांनी दोनदा सुरुवात केली, दोन्ही वेळा त्यांना श्रेयाचा चेहरा आठवला. कबूल करण्यापेक्षा पकडलं गेलेलं बरं, असं वाटून त्यांनी शेवटी आडवळणाने विचारलं, "आमच्या डब्यातून नसेल ना आलं, भिवाभाऊ? आमचाही बघता ना तुम्ही?"

भिवाने त्यांच्या मांडीवरचा फॉर्म उचलला, कुठे सही करायची ते विचारलं आणि त्यांनी बोट दाखवलं तिथे, शून्याच्या बरोब्बर खाली, सावकाश सही केली. "तुमचा काय बघायचा, ताई? तुमचा डबा सरळ टोपात."

बाईंनी फॉर्म परत घेतला. घेतला म्हणजे घेतलाच, फाडला नाही, काही नाही. घडी घालून पर्समध्ये ठेवला. स्वतःच्या नजरेत इतक्या हलक्या त्या आजवर कधी झाल्या नव्हत्या.

जाईबाई उठली. ओले हात पदराला पुसत जवळ आली आणि भिवाच्या तळहातावरचा जिराफ तिने चिमटीत उचलला. डोळ्यांजवळ नेऊन, उजेडाकडे धरून, उलटसुलट करून बघितला. मग मृणालिनीबाईंकडे वळली.

"ताई, तुमच्या बिल्डिंगीतल्या बायकांना तुम्ही शिकवता ना, कचरा कसा बघायचा ते," ती म्हणाली. "मला पण एकदा शिकवा. माझं कुठं चुकतं, मला कळंना झालंय."