आयातीच्या दोन रेघा

इंग्रजीच्या परीक्षेतला प्रश्न वाचून रूथ सातपुतेच्या हातातली पेन्सिल थांबली. एका देशाने वीस वर्षांत दोन देशांकडून किती माल आणला, त्याचा आलेख समोर होता आणि दोन्हींची तुलना इंग्रजीत लिहायची होती. असल्याच आलेखांपायी ती दोनदा नापास झाली होती. आता चुकलं, तर आयर्लंडमधली नर्सची नोकरी हातची जाणार होती.

तिने पुन्हा नीट पाहिलं. लाल रेघ हळूहळू चढत गेली होती, निळी मध्येच धाडकन उतरली होती. मिरजेच्या वॉर्डात अठरा वर्षं ती रोज हेच तर बघत होती. लाल देश म्हणजे चार नंबरचा पेशंट, निळा म्हणजे सात नंबरचा. कुणाचा ताप कधी चढला, कधी उतरला, हे मेट्रनबाईंना सांगावं तसं ती भराभर लिहीत सुटली. मध्येच तिला इतकं हसू फुटलं की पर्यवेक्षकांनी जवळ येऊन विचारलं, "बरं वाटतंय ना तुम्हाला?"

"खूप," ती म्हणाली.

निकाल मोबाइलवर आला, तेव्हा ती ड्यूटीवर होती. तो वाचून ती हसत वॉर्डातच गरकन फिरली. मेट्रनबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "सिस्टर, पेशंट झोपलेत. बाहेर जाऊन हसा."

ती गॅलरीत जाऊन पोटभर हसली. जरा वेळाने मेट्रनबाईही दार लोटून आल्या.

"झालात पास?"

"झाले, बाई."

त्यांनी रूथला मिठी मारली आणि स्वतःच इतक्या मोठ्याने हसल्या, की आतले सगळे पेशंट जागे झाले.