अर्धा दुधी

"दादा गेला तेव्हा त्याची नखं निळी पडली होती. हे विषच!" कुंदाचा दीर पुन्हा म्हणाला. भेटायला आलेल्या आत्याबाईंना हार्ट अटॅक वाटत होता, शेजाऱ्यांना सर्पदंश. "उलट्या झाल्या, म्हणजे पोटातच काहीतरी गेलं," असं म्हणून चुलतसासऱ्यांनी कुंदाकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं.

अटॅकच असू दे रे देवा, असं पुटपुटत कुंदा पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेली. फ्रिजमध्ये तो अर्धा दुधी तसाच होता. दुसऱ्या अर्ध्याचा रस त्या दिवशी तिनेच नवऱ्याला दिला होता, रोज सकाळी बीपीसाठी द्यायची तसा. "आज फार कडू लागतोय गं," तो म्हणाला होता. "औषध कडूच असतं, नाक दाबून प्या," म्हणत पेला रिकामा होईपर्यंत तिने त्याला हलू दिलं नव्हतं.

दुधी चिरला की आधी फोड चाखून बघायची, हे आईने तिला परकर-पोलक्याच्या वयात शिकवलं होतं. तिने एक फोड कापून जिभेवर ठेवली. कडूजहर!

बाहेर सासूबाई कडाडल्या, "खबरदार माझ्या सुनेकडे बोट दाखवाल तर! हरतालिका होती त्या दिवशी. माझ्या लेकाला आयुष्य मिळावं म्हणून पोरीने पहाटेपासून पाण्याचा थेंबसुद्धा जिभेला लागू दिला नव्हता!"