भोंग्याची पट्टी

संध्याकाळी सात वाजता मेणबत्ती पेटली आणि आम्ही चौघे मित्र गप्प राहिलो. इतकी वर्षं वाढदिवस कुणाचाही असो, गाणं आमचा पाचवा मित्र भोंगाच सुरू करायचा, तेही भलत्याच वरच्या पट्टीत. त्यापायी दोन हॉटेलांतून हाकलले गेलो, पण गड्यानं पट्टी सोडली नाही. आज वाढदिवस त्याचाच. महिन्यापूर्वी घशाचं ऑपरेशन झालं. आवाज परत येईल की नाही, डॉक्टरही सांगत नाहीत.

“एरवी गल्ली डोक्यावर घेता, आज दातखीळ बसली?” भोंग्याची बायको, आमच्या वहिनी म्हणाल्या. “मेण केकवर गळतंय!”

“सुरुवात कोण करणार?” आमच्यातल्या एकानं विचारलं.

भोंग्यानं टेबलावर थाप मारली, मान वर केली आणि तोंड उघडलं. आम्ही चौघे त्याच्याच पट्टीत तुटून पडलो. त्याचे ओठ शेवटपर्यंत हलत होते. त्यात आवाज होता का, ते आमच्या गोंगाटात कुणालाच कळलं नाही.