फिरत्या फाटकाची खिटी

गिरणीचा मिस्त्री महकम याने बाहेरून शिडी लावून फाटकावरच्या पेटीचं झाकण उघडलं. खिटी दातेरी चाकात जाऊन बसली होती. अगदी जशी बसायला हवी तशी. त्यानेच बसवली होती.

फाटकाच्या आत चाळीस बायका होत्या आणि त्यांच्या मागे धूर. कापसाच्या गठ्ठ्यांना आग लागली होती, वीज गेली होती, मागचं दार आगीच्या पलीकडे राहिलं होतं. कोकंद शहरातल्या त्या सूतगिरणीतून बाहेर पडायला उरलं होतं ते एवढंच, माणसाहून उंच, लोखंडी दांड्यांचं फिरतं फाटक. कार्ड दाखवलं की चुंबक खिटी उचलतो आणि एक माणूस सुटतो. आधी वीज गेली की खिटी आपोआप सुटायची, आणि बायका कार्ड न दाखवता घरी सटकायच्या. गेल्या हिवाळ्यात साहेब म्हणाले, "महकम-अका, दादा, हे बंद करा बुवा." महकमने स्प्रिंग उलटी लावली; आता वीज गेली की खिटी दातांत अडकूनच राहायची. दहा मिनिटांचं काम.

"बाबा!" आतून ओयदिन ओरडली. त्याची मुलगी, गिरणीतली सगळ्यात धाकटी कामगार. दांड्यांना चिकटलेला तिचा अर्धाच चेहरा दिसत होता.

महकमने शिडीवर तोल सावरत स्क्रूड्रायव्हर खिटीखाली घातला आणि जोर लावला. हलेना. हलणार कशी? बायका जीव खाऊन दांड्या ढकलत होत्या, आणि त्या जितक्या ढकलत तितका चाकाचा दात खिटीला दाबून धरत होता.

"ढकलू नका! मागे सरा! बोटभर मागे सरा!"

घसा फुटेस्तोवर ओरडला. पण पाठीशी आग असताना मागे सरा म्हणणाऱ्याचं कोण ऐकणार, सांगा!

ओयदिनने ऐकलं. बापाच्या कामाच्या टेबलाखाली खेळत वाढलेली पोर ती, तिला कळलं. तिने मान वळवली आणि खणखणीत आवाज दिला, "अगं, सालोमत-खालांना वाट द्या! खाला येताहेत!"

आणि काय सांगावं, अख्खी गर्दी मागे सरली. जन्माची सवय. म्हाताऱ्या माणसाला वाट द्यायची म्हटलं की तिथल्या बायकांचे पाय आपसूक मागे जातात. फाटकावरचा भार गेला, ते बोटभर मागे फिरलं आणि खिटी टकदिशी वर आली.

"सुटलं! या, या लवकर!"

कोणी येईना. बायका दोन्ही बाजूंना उभ्या, खोकताहेत, डोळ्यांना धारा लागल्यात, आणि आदराने उजवा हात छातीवर. खालांच्या आधी जायचं कसं? खाला तर पार टोकाला, भिंत धरून येत होत्या. गिरणीत चहा करणारी सत्तरीची बाई, सगळ्यांची खाला म्हणजे मावशी, दोन्ही गुडघे गेलेले.

"मेल्यांनो, माझी कसली वाट बघताय?" तिकडून खाला कडाडल्या. "मी काय नवरी आहे? पळा!"

तेव्हा कुठे पळाल्या. पण हे फाटक एका वेळी एकच माणूस सोडतं. महकम खिटी वर उचलून धरून उभा. हात सुटला की स्प्रिंग ती पुन्हा दातांत घालणार, आणि दुसऱ्यांदा निघेल याची खात्री नाही. खांद्यातून कळा येत होत्या. धूर वर जमतो, आणि वर महकमच होता.

ओयदिन येत नव्हती. एकेकीला पुढे घालत होती.

"ओयदिन! तू ये आधी!"

"त्या मोठ्या आहेत, बाबा!"

"खड्ड्यात गेलं मोठेपण! कोणी शिकवलं गं तुला हे?"

त्यानेच शिकवलं होतं.

शेवटी आत दोघीच राहिल्या. ओयदिन वळली आणि खालांना आणायला निघाली. दोन पावलांत तिची पाठ धुरात दिसेनाशी झाली. महकमची बोटं बधिर पडली होती, स्क्रूड्रायव्हर निसटत होता. त्याच्या तोंडातून शब्द निघून गेले.

"अगं, खाला आल्या बाहेर! इथे आहेत माझ्याजवळ! फिर मागे!"

"आल्या?"

"अल्लाची शपथ, आल्या! ये तू!"

ओयदिन थांबली असावी. कान देऊन ऐकत असावी. आतून काहीच आलं नाही, साधा खोकलाही नाही. मग ती धडपडत परतली, फाटकातून बाहेर पडली आणि अंगणातल्या तुतीखाली गुडघ्यांवर बसून ओकायला लागली.

ती बाहेर पडली तसा आत कोणीतरी दाबून धरलेला खोकला फुटला. अगदी जवळ. फाटकापासून चार पावलांवर.

महकम दोन्ही हातांनी खिटी धरून रडत होता. भिंतीवर हात घासत कोणीतरी आलं. दांड्या सावकाश, फार सावकाश फिरल्या, आणि सालोमत-खाला बाहेर आल्या. डोक्यावरचा रुमाल एका बाजूने जळला होता.

तो शिडीवरून उतरला. त्यांच्या तोंडाकडे त्याला बघवेना.

"खाला, मी..."

"गप रे."

ओयदिन तोंड पुसत उठून आली. तिने खालांना मिठीच मारली. "कधी आलात हो बाहेर? मी आत शोधायला निघाले होते तुम्हाला."

"तुझ्या आधीच गं," खाला म्हणाल्या. रुमाल डोक्यावरून ओढून त्यांनी मुठीत चुरगाळला. "धुरात दिसलं नसेल तुला. जा, बापाला पाणी आण."