विद्याश्रीनं बोर्ड म्हटलं

"बोर्ड," विद्याश्री म्हणाली आणि शिवांजलीच्या पोटात दुखायला लागलं.

यल्लाप्पा सरांच्या भुवया वर गेल्या. "बघ बाई. नव्या माणसाला स्की सोपी. दोन पायांत दोन फळ्या, हातात दोन काठ्या. पैल्याच दिवशी उभं ऱ्हातंय माणूस. बोर्डाचं तसं न्हाय. दोन्ही पाय एकाच फळीला आवळल्यालं. सुरवातीला नुसतं आपटायचंच काम."

"चालतंय की," विद्याश्री म्हणाली.

कळंबा तलावाच्या कडेला एका गवताळ उतारावर हे चाललं होतं. राजारामपुरीतल्या हायकिंग क्लबची मंडळी फेब्रुवारीत मनालीला जाणार होती. बर्फ सरांशिवाय कुणीच पाहिलेला नव्हता. घरच्या फ्रीजमध्ये साठतो तेवढाच. सर लष्करातून निवृत्त झालेले, काश्मीरकडं जवानांना स्की शिकवलेले. त्यांनी कुठून तरी बर्फावर घसरायच्या स्कीची एक जुनी जोडी आणि एक स्नोबोर्ड पैदा केला होता आणि दर रविवारी सगळ्यांना गवतावर गुडघे वाकवायला लावले होते. कोण काय शिकणार ते आज सांगायचं होतं. दोन्हीचे वर्ग वेगळे. एकदा मनालीला फोन गेला की बदल नाही.

शिवांजलीला स्की हवी होती. पहिल्याच रविवारी ती स्की बांधून गवतावर चार हात घसरली होती आणि पडली नव्हती. "गुडघं झ्याक वाकत्यात की तुझं!" सर सगळ्यांदेखत ओरडले होते. तेव्हापासून बाईसाहेब हवेत होत्या. घरचं कापडाचं दुकान बंद झालं की कापड मोजायचे दोन गज काठ्यांसारखे धरायचे आणि आरशासमोर वाकायचं. एकदा वडिलांनी, आण्णांनी पाहिलं, तेव्हा झुरळ शोधतेय म्हणून सांगितलं.

विद्याश्री तिची चुलत बहीण. दोघी एकाच वर्षी जन्मलेल्या, एका घरातल्या, एकाच कापडदुकानाच्या. लहानपणी दोघींचे फ्रॉक एकाच ताग्यातून निघायचे आणि आलेला पाहुणा म्हणायचा, "विद्याश्रीला काय खुलून दिसतंय!" जणू शिवांजलीनं पोतं घातलंय. दहावीचे मार्क, रांगोळी, पोळ्यांचा गोल आकार, सगळीकडं तेच. विद्याश्री कधी मिरवत नसे. मिरवली असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

आता परत आल्यावर काय होणार, ते शिवांजलीला लख्ख दिसलं. फोटो धुऊन येतील. सगळं घर अल्बमभोवती बसेल. आक्का आजी चष्मा पुसून विचारेल, ह्यातलं अवघड कंचं? आणि मग सोपं ते शिवांजलीनं घेतलं, हे जन्मभर तिच्या नावावर लागेल. तिला गवतावर बसून रडावंसं वाटलं. खरं तर विद्याश्रीच्या झिंज्या उपटाव्याशा वाटल्या.

"शिवांजली, तुझं स्कीच न्हवं?" सरांनी विचारलं.

"न्हाय," ती म्हणाली. "मी बी बोर्डच."

"अगं, खुळी का काय? तुझं पाय स्कीला केल्यागत हायत."

"बोर्ड म्हटलं न्हवं सर?"

विद्याश्रीचा चेहरा पडला. शिवांजलीनं तो मन भरून पाहून घेतला. इतकं बरं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

ते सुख फार टिकलं नाही. "सर," विद्याश्री हळूच म्हणाली, "मग मला स्की द्या."

"मंडईत भाजी निवडायला आलाय व्हय गं तुम्ही?" सर करवादले. पण बाकीच्यांचं विचारून होताच ते मोटारसायकलला किक मारून फोन करायला निघूनही गेले.

दोघी एकाच स्कूटीवरून आल्या होत्या. विद्याश्रीनं किल्ली लावली, तशी शिवांजलीनं ती हिसकावून घेतली.

"मला स्की पायजे हुती, तुला ठाऊक हुतं!"

"हुतं की."

"मग घेतलीस का? माझं काय बी ठेवायचं न्हाय म्हणून? आणि मी बोर्ड म्हटल्याबरोबर तो सोडलास. माझ्यासंगं शिकायची लाज वाटती तुला?"

विद्याश्री स्कूटीच्या सीटवरची धूळ उगाच पुसत राहिली. मग तिचा हात थांबला. डोळे भरून आले होते. शिवांजलीनं तिला आजवर रडताना पाहिलं नव्हतं.

"लाज न्हाय गं," ती म्हणाली. "तू त्या फळ्यांवर उभी ऱ्हायलीस त्या दिवसापास्नं जळतीय मी नुसती. तू सरळ खाली जाणार, मी तुझ्याशेजारी धडपडणार, आणि समद्यांनी ते बघायचं. त्यापरीस बोर्ड घेऊन एकटीनं पडल्यालं बरं म्हटलं."