एकोणीस वर्षांचं काम

मालसुननं चर्चच्या संडासाचं दार उघडलं आणि ती उंबऱ्यातच थांबली. फरशी ओली होती. भांडी चकचकत होती. निळ्या प्लास्टिकच्या सपाता भिंतीशी ओळीनं लावल्या होत्या. कोणीतरी तिच्या आधी येऊन सगळं धुऊन काढलं होतं.

एकोणीस वर्षं, दर शनिवारी, सकाळची प्रार्थना आटोपली की मालसुन इथं येई. तिचा नवरा चर्चच्या मंडळीच्या वडीलजनांपैकी एक. कोरियातल्या कुन्सान बंदरात त्यांची दोन दुकानं. अशा घरची बाई गुडघे टेकून, हातमोजे न घालता संडास घासते, हे मंडळीत सगळ्यांना ठाऊक होतं. ज्याला ठाऊक नसे त्याला रविवारच्या जेवणात ती स्वतःच सांगे. भेगाळलेले हात पुढे करून म्हणे, "यात सांगण्यासारखं काही नाही हो."

बाहेरच्या नळाखाली पाण्याचा आवाज झाला. मालसुन तिकडे गेली. बोंगने फडका पिळत होती. शेजारी काळ्या पाण्यानं भरलेली बादली. बोंगने बंदरावर मासे साफ करायची. नवरा गेल्यावर, वर्षभरापूर्वी या मंडळीत आलेली.

"कोणी सांगितलं होतं तुला?" मालसुननं विचारलं.

"कोणी नाही, ताई." बोंगनेनं मान वर केली नाही. "घाण दिसली, धुतलं."

"हे काम माझं आहे. एकोणीस वर्षं!"

"असेल. दारावर नाव दिसलं नाही कुठं."

"स्वयंपाकघरातून काढलं म्हणून इथं घुसलीस होय?"

दोन आठवड्यांपूर्वी चर्चच्या स्वयंपाकघरात मालसुननंच सगळ्या बायकांदेखत तिच्या हातातली सुरी काढून घेतली होती. तुझ्या हातांचा वास मुळ्याच्या सुपाला लागतो, म्हणाली होती. त्यावर कोणीतरी फिस्सकन हसलंही होतं.

"हो," बोंगने आता उठून उभी राहिली. "तिथं माझ्या हातांना वास येतो. म्हटलं, इथं तरी कोणी नाक मुरडणार नाही."

"मग दुसरं चर्च बघ. गावात काय कमी आहेत? इथं माणसं नम्रपणे सेवा करतात. असली जीभ इथं चालायची नाही."

"तुमचा नम्रपणा ना? तो अख्ख्या बंदराला पाठ आहे, ताई. बर्फ फोडणारे हमालसुद्धा सांगतात. किती वर्षं, कुठल्या वारी, हातमोज्यांशिवाय."

आपण काय करतोय हे कळायच्या आत मालसुननं ती बादली उचलली, दारापर्यंत नेली आणि पाणी आत भिरकावून रिकामी केली. काळं पाणी भांड्यांवर उडालं, भिंतींवरून ओघळलं, सपाता वाहत कोपऱ्यात गेल्या.

मालसुन हातातल्या रिकाम्या बादलीकडे बघत राहिली. मग तिनं खुंटीवरचा ब्रश ओढला आणि त्या पाण्यातच गुडघे टेकले. दुसरं काय करावं ते तिला सुचेना. पाणी बर्फासारखं होतं. स्कर्ट भिजून पायांना चिकटला.

ती घासायला लागते न लागते तोच बोळात पावलं वाजली.

"वा, मालसुनबाई!" पाळकसाहेब दारात उभे होते. तरुण माणूस, दोनच वर्षांपूर्वी या मंडळीत नेमलेला. "काय घाण करून ठेवतात हो लोक! आणि तुम्ही या थंडीत, या वयात, गुडघ्यांवर. उद्या नम्रतेवरच बोलणार आहे मी. सकाळपासून दाखला शोधत होतो. देवानं नेमका इथं आणून सोडला."

मालसुनचा ब्रश थांबला.

पाळकसाहेब मागे वळले. "बोंगनेताई, बघताय ना? शिकण्यासारखं आहे."

"बघतेय, साहेब," बोंगने म्हणाली. आणि गप्प राहिली.

तिचं ते गप्प राहणं मालसुनला पाठीवर जाणवलं. धुतलं हिनं, घाण केली मी. पाचच शब्द होते. ते तिच्या घशापर्यंत आले. तिनं तोंड उघडलं.

"माझं कसलं कौतुक, साहेब," ती म्हणाली. "मी तर प्रभूची दासी."

इतक्या वेळा म्हटलेलं वाक्य, आपसूक बाहेर पडलं. मान तिरपी करून खाली घालायची सवयसुद्धा ती विसरली नाही.

पाळकसाहेब भारावून गेले. जाताना त्यांनी दार हलकेच लोटून घेतलं. त्यांची पावलं जिन्यावर चढत गेली, मग ऐकू येईनाशी झाली.

मालसुन आता बोंगनेच्या शिवीची वाट बघत होती. शिवी आली असती तर बरं झालं असतं.

बोंगने दार ढकलून आत आली. तिनं दुसरा ब्रश घेतला, भिंतीकडच्या बाजूनं गुडघे टेकले आणि घासायला लागली. भराभर, दणकट हातांनी, रोज काम करणाऱ्या बाईसारखी. मालसुनकडे तिनं एकदाही बघितलं नाही. एक एक फरशी पांढरी होत मालसुनच्या दिशेनं सरकत आली. शेवटी बोंगनेचा ब्रश मालसुनच्या गुडघ्यांशी येऊन अडला.

"उठा, ताई," बोंगने म्हणाली. "तुम्ही बसलाय तेवढंच राहिलंय."